स्ट्राँगमॅन स्पर्धा लाइव्ह बघायला जाताय? पोस्टर वाचण्यापासून शेवटच्या दगडापर्यंत सगळं क्रमाने

मुंबईत कुठे स्ट्राँगमॅनची स्पर्धा लागली की जिमच्या ग्रुपवर आधी तेच प्रश्न येतात आणि दुसऱ्या दिवशी तीच तक्रार येते, की गेलो, दोन तास गर्दीत उभा राहिलो, लोक ओरडत होते म्हणून मी पण ओरडलो, आणि शेवटी ज्याने सगळ्यात जास्त वजन उचललं त्याला सोडून दुसऱ्यालाच पहिला नंबर दिला. बाबांनो, पहिला नंबर बरोबर माणसालाच मिळाला होता, तुम्ही फक्त संध्याकाळी पोचलात आणि गुण कसे पडतात ते बघितलं नाहीत. हा खेळ सकाळपासून शेवटपर्यंत बेरजेचा आहे, एकेका इव्हेंटचा नाही. ते एकदा डोक्यात बसलं की काय तयारी करायची, कधी पोचायचं, कुठे उभं राहायचं हे सगळं आपोआप ठरतं. म्हणून खाली टप्प्याटप्प्याने लिहितोय, क्रम मोडू नका.

टप्पा 1: पोस्टर नीट वाचा, स्पर्धा नक्की कसली आहे ते बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. आपल्याकडे ताकदीची स्पर्धा म्हटलं की डोळ्यासमोर 'मुंबई श्री' येते, म्हणजे स्टेज, तेल, पोझिंग. ते बॉडीबिल्डिंग, तिथे शरीर कसं दिसतं त्याला मार्क. पॉवरलिफ्टिंग वेगळं, त्यात स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट तीनच लिफ्ट आणि प्रत्येकीला तीन प्रयत्न. स्ट्राँगमॅनमध्ये चार-सहा वेगवेगळे इव्हेंट असतात, काही उचलायचे, काही घेऊन पळायचे, काही ओढायचे, काही फेकायचे, आणि बहुतेकांना घड्याळ लावलेलं असतं.

आता गंमत अशी की फिटनेस एक्स्पोच्या पोस्टरवर 'स्ट्राँगमॅन' मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि आत गेल्यावर कळतं की एका स्टॉलवर डेडलिफ्ट चॅलेंज आहे, बाजूला पंजा आहे, संपलं. ते वाईट नाही, पण त्यासाठी अख्खा रविवार ठेवून जायचं नसतं.

जायच्या आधी आयोजकांना मेसेज करून तीन गोष्टी विचारा: इव्हेंट कोणते आहेत, वजनगट कोणते आहेत, आणि पहिला इव्हेंट किती वाजता सुरू होतो. खरी स्पर्धा असेल तर खेळाडूंना इव्हेंटची यादी वजनासकट आधीच दिलेली असते, कारण त्याशिवाय ते तयारी करूच शकत नाहीत. ती यादी मागा. "सरप्राइज आहे, तुम्ही या तर खरं" असं उत्तर आलं तर समजून जा.

*तपासा: यादीत निदान एक उचलायचा (लॉग म्हणजे ओंडक्यासारखा जाड दांडा, अॅक्सल म्हणजे जाड बार, किंवा जमिनीवरून कंबरेपर्यंत उचलायची डेडलिफ्ट) आणि एक चालत न्यायचा (फार्मर्स म्हणजे दोन हातांत दोन वजनं, योक म्हणजे खांद्यावर जड फ्रेम, किंवा सँडबॅग म्हणजे वाळूची पिशवी) इव्हेंट आहे का? नसेल तर तो स्ट्राँगमॅन नाही.*

टप्पा 2: तिकीट

एक्स्पोमध्ये स्पर्धा असेल तर एंट्री पास वेगळा आणि स्पर्धेच्या बाजूला बसायची जागा वेगळी असू शकते. बुकिंग करताना 'व्हिजिटर पास' एवढंच लिहिलेलं असेल तर खुर्ची मिळेलच असं धरू नका, उभं राहायची तयारी ठेवा. दोन दिवसांचा कार्यक्रम असला तर स्ट्राँगमॅन नक्की कोणत्या दिवशी आहे ते बघून मगच तारीख निवडा, शनिवारचं तिकीट आणि स्पर्धा रविवारी हा प्रकार दरवेळी कोणाचा ना कोणाचा होतोच.

तिकिटाचा क्यूआर कोड घरूनच स्क्रीनशॉट काढून ठेवा. मोठ्या हॉलच्या गेटवर हजार माणसं एकदम अॅप उघडतात आणि नेटवर्क बसतं.

टप्पा 3: आदल्या रात्रीची तयारी

इव्हेंटची यादी हातात आहे ना, मग प्रत्येकाचा एकेक व्हिडिओ बघून घ्या, जास्त नको. स्टोनसाठी, म्हणजे जड गोल दगड कट्ट्यावर ठेवायच्या इव्हेंटसाठी, स्कॉटलंडच्या टॉम स्टोल्टमनचा बघा, त्याचे लांब हात दगडाखाली कसे जातात आणि दगड मांडीवर ठेवून तो परत पकड कशी घेतो ते बघितलंत की दुसऱ्या दिवशी कुठे नजर ठेवायची ते कळेल.

पण एक सांगतो, ते आकडे डोक्यात ठेवून येऊ नका. एडी हॉलने 2016 मध्ये 500 किलोची डेडलिफ्ट मारली, हाफथोर ब्यॉर्नसनने 2020 मध्ये 501 ची मारली, आयर्न बिबीने 2021 मध्ये 229 किलोचा लॉग डोक्यावर नेला. ही माणसं जगात बोटावर मोजण्याइतकी आहेत. इथे 90 किलो गटातला एखादा पोरगा, जो दिवसभर नोकरी करून रात्री जिमला जातो, तो 100 किलोचा लॉग एका मिनिटात चार-पाच वेळा डोक्यावर नेत असेल तर ती प्रचंड गोष्ट आहे. लॉग जाड असतो, आतली पकड तळवे समोरासमोर येतील अशी असते, आणि तो जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून छातीवर लोळवत आणून मग वर ढकलायचा असतो. सरळ बारबेलवर जेवढं वजन जातं तेवढं लॉगवर बहुतेकांचं जात नाही. नजर त्या हिशोबाने लावून घ्या, नाहीतर "एवढंच?" म्हणत बसाल आणि बाजूला त्याची आई उभी असेल.

मग एक कागद घ्या आणि त्यावर तक्ता आखा. आडवे इव्हेंट, उभी खेळाडूंची नावं. नावं तिथे गेल्यावर भरायची. फोनवर करू नका, फोन तुम्ही व्हिडिओसाठी वापरणार आहात आणि दुपारपर्यंत बॅटरी संपणार आहे.

बॅगेत काय: कागद-पेन, पॉवरबँक, टोपी (मैदानात असेल तर), लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्या कानाला काहीतरी, कारण स्पीकर आणि लोखंड आपटल्याचा आवाज दोन्ही फार होतात. पाण्याची बाटली बऱ्याच ठिकाणी गेटवर काढून घेतात, नियम आधी वाचा. बॅग छोटी ठेवा.

टप्पा 4: पोचायचं कसं

वेळेच्या बाबतीत एकच नियम, पहिल्या इव्हेंटच्या तासभर आधी. हॉल शोधण्यात, रांगेत, मनगटाला एंट्रीचा पट्टा बांधून घेण्यात अर्धा तास जातो आणि उरलेल्या अर्ध्या तासात खेळाडूंचा वॉर्मअप बघायला मिळतो, तो चुकवू नका. वॉर्मअपला कोणाचा लॉग अडकतोय, कोण एक खांदा जपून ढकलतोय हे बघून पुढच्या सहा तासांचा बराच अंदाज येतो.

स्पर्धा रविवारी असेल तर शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक बघाच बघा, सेंट्रल, हार्बर आणि वेस्टर्न तिन्हीचा. हे मुंबईकराला सांगायला लागू नये पण लागतं.

गोरेगावच्या नेस्कोला जायचं असेल तर वेस्टर्नवाल्यांना राम मंदिर किंवा गोरेगाव, पण राम मंदिरला स्लो गाडी लागते, फास्ट पकडून बसलात तर पुढे जाल. हार्बरवाल्यांना थेट गोरेगावपर्यंत लोकल आहे. ठाणे-डोंबिवलीवाल्यांनी दादरला उतरून गर्दीत घुसण्यापेक्षा घाटकोपरला उतरून मेट्रो 1 धरा, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरून पुलावरून गुंदवलीला चालत जा आणि तिथून मेट्रो 7 ने गोरेगाव पूर्व. बीकेसीत असेल तर मेट्रो 3 चं बीकेसी स्टेशन आहे, नाहीतर वांद्रे पूर्वेहून शेअर रिक्षा. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात पहिला इव्हेंट जातो.

टप्पा 5: उभं कुठे राहायचं

सगळे धावत जाऊन बरोबर समोर, मधोमध उभे राहतात. रीलसाठी ठीक आहे, बघण्यासाठी चूक आहे, कारण लॉग उचलताना समोरून तुम्हाला फक्त तो जाड दांडा दिसतो आणि त्याच्या मागे लाल झालेलं तोंड. कोपर सरळ झालं की नाही हे तिरकं बाजूने दिसतं. त्यामुळे उचलायच्या इव्हेंटला खेळाडूच्या थोडं बाजूला, आणि जमलं तर मुख्य रेफरीचा हात दिसेल असं उभं राहा.

फार्मर्स आणि योकला शेवटच्या रेषेजवळ जा. सुरुवातीला सगळेच दणक्यात निघतात, हार-जीत शेवटच्या पाच मीटरमध्ये होते, तिथेच हाताची पकड सुटते.

ट्रक किंवा बस ओढायचा इव्हेंट असेल तर उलटं, सुरुवातीच्या बाजूला थांबा. उभी गाडी पहिल्यांदा हलवणं हेच सगळ्यात अवघड, एकदा चाक फिरायला लागलं की पुढे ताल सांभाळायचा असतो. पहिली चार पावलं बघा, पाय घसरतोय का बघा, बूट आणि रस्त्याची पकड यावर अर्धा इव्हेंट ठरतो.

*सावध राहा: गाडीच्या सरळ रेषेत पुढे कधीच उभं राहायचं नाही, दोराच्या अगदी जवळ नाही, आणि पट्टीच्या आत पाय टाकायचा नाही. केग (धातूचं पिंप) फेकायच्या इव्हेंटला खेळाडू पाठमोरा उभा राहून डोक्यावरून मागे फेकतो, तो ती कुठे पडणार हे बघू शकत नाही, म्हणून त्या बाजूला मुलांना अजिबात नेऊ नका. दगडसुद्धा कट्ट्यावरून परत लोळून खाली येतो, आणि येतो तेव्हा कोणाला थांबवता येत नाही.*

टप्पा 6: इव्हेंट चालू असताना बघायचं काय

वजन किती आहे ते एकदा बघून घ्या आणि मग विसरून जा. बघायचं ते रेफरीला.

लॉग किंवा अॅक्सल वर गेला म्हणजे रेप (मोजली जाणारी एक पूर्ण उचल) झाला असं नाही. कोपर सरळ, गुडघे सरळ, पाय एका रेषेत, वजन ताब्यात, आणि मग रेफरी 'डाउन' म्हणतो, तेव्हा तो रेप धरतात. त्याच्या आधी खाली सोडला तर गेला. गर्दीत जेव्हा "अरे झाला ना, झाला ना" असा गोंधळ होतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा खेळाडूने 'डाउन'ची वाट बघितलेली नसते.

डेडलिफ्टमध्ये पॉवरलिफ्टिंगवाले प्रेक्षक फार चिडतात, कारण इथे मनगटाला स्ट्रॅप चालतात आणि बार मांडीवर टेकवत टेकवत वर नेलेलाही बहुतेक ठिकाणी चालतो. नियमच तसा आहे, बाजूच्या माणसाशी वाद घालू नका. आणि एखाद्याच्या नाकातून रक्त आलं तर किंचाळू नका, फार जड वजनाला दाब वाढून होतं तसं, एडी हॉललाही त्या 500 नंतर आलं होतं. तिथे वैद्यकीय माणूस असतो, तो बघेल.

योकमध्ये पावलं बघा. लांब ढांगा टाकणारा बहुतेक वेळा डोलायला लागतो आणि फ्रेम टेकते, छोटी भरभर पावलं टाकणारा पुढे निघून जातो. कोण जिंकणार ते पाच मीटरमध्ये कळायला लागतं, स्वतःशी पैज लावून बघा, मजा येते.

फार्मर्सला खांदे बघू नका, बोटं बघा. बोटं उघडायला लागली की माणूस पळायला लागतो, कारण आता त्याच्याकडे दोन-तीन सेकंदच आहेत हे त्याला कळलेलं असतं.

अॅटलस स्टोन बहुतेक ठिकाणी शेवटी ठेवतात आणि त्याच्यासाठी सगळी गर्दी येते. वाढत्या वजनाचे गोल दगड एकामागोमाग एक कट्ट्यावर ठेवायचे. हाताला टॅकी नावाचा चिकट पदार्थ लावलेला असतो, म्हणून दगड हाताला चिकटल्यासारखा दिसतो, ती लबाडी नाही, सगळ्यांनाच परवानगी असते किंवा कोणालाच नसते. इथे दोन गोष्टी टिपा: किती दगड झाले, आणि शेवटचा दगड कितव्या सेकंदाला ठेवला. दोघांचे चार-चार झाले तर ज्याचा चौथा आधी ठेवला गेला तो वर. त्यामुळे पाचवा दगड हलतच नाहीये तरी माणूस धडपडत असतो, आणि लोक इकडे म्हणतात हा उगाच मरतोय. उगाच नाही मरत, तो पाचवा कट्ट्यावर गेला तर एक नंबर वर जाणार असतो.

टप्पा 7: कागदावर गुण मांडत जा

आता ज्यासाठी कागद आणला ते. बहुतेक स्पर्धांत जेवढे खेळाडू तेवढे गुण पहिल्याला. आठ जण असतील तर पहिल्याला 8, दुसऱ्याला 7, असं शेवटच्याला 1. एकही रेप किंवा काहीच अंतर झालं नाही तर शून्य. बरोबरी झाली तर वाटून, म्हणजे तिसऱ्या जागेवर दोघं असतील तर 6 आणि 5 मिळून 11, प्रत्येकी साडेपाच.

समजा पाच इव्हेंट आहेत. एक जण तीन इव्हेंट जिंकतो, 24 गुण. चौथ्यात लॉग एकदाही लागत नाही, शून्य. पाचव्यात पाचवा येतो, 4. एकूण 28. दुसरा एकही इव्हेंट जिंकत नाही, पण पाचही वेळा दुसरा येतो, 35. स्पर्धा हा जिंकला. आणि तुम्ही जर फक्त तो जिंकलेला डेडलिफ्टचा इव्हेंट बघायला आला असाल तर घरी जाऊन लिहिणार की सेटिंग होतं.

दुसरी एक गोष्ट, पहिल्या इव्हेंटनंतर बऱ्याच ठिकाणी उलट क्रमाने सोडतात, जो मागे आहे तो आधी, आणि पुढे असलेला सगळ्यात शेवटी. म्हणजे प्रत्येक इव्हेंटची शेवटची जोडी ही त्या क्षणाची एक नंबर आणि दोन नंबरची जोडी. तेव्हा जागा सोडायची नाही, फोन आला तरी.

*तपासा: प्रत्येक इव्हेंटनंतर तुमची बेरीज आणि निवेदकाने सांगितलेली बेरीज जुळतेय का? जुळत नसेल तर आधी स्वतःचं बघा, बरोबरीचे गुण वाटायचे राहून गेलेले असतात.*

टप्पा 8: ओरडा, पण हे तीन प्रकार नकोत

हा शांत बसून बघायचा खेळ नाहीये. आवाजाने खरंच फरक पडतो, शेवटच्या दहा सेकंदात अख्खा हॉल नाव घेऊन ओरडला की माणूस अजून एक रेप काढतो. नाव माहीत करून घ्या आणि नावाने ओरडा.

नको ते हे. एक, शिट्टी. आपल्या पोरांना दोन बोटं तोंडात घालून वाजवायची सवय आहे, पण बऱ्याच स्पर्धांत सुरुवात आणि शेवट शिट्टीनेच करतात. तुमची शिट्टी ऐकून कोणी आधी निघाला किंवा वेळ संपली समजून वजन सोडलं तर त्याची सहा महिन्यांची मेहनत गेली. पिपाणी पण नको. दोन, 'डाउन' हा शब्द अजिबात तोंडातून काढू नका, रेप झाल्यासारखा वाटला तरी नाही, कारण खेळाडू त्याच शब्दाची वाट बघत असतो आणि डोक्यावर लॉग असताना आवाज कोणाचा ते ओळखू येत नाही. तीन, कोचिंग. "कंबर सरळ, कंबर सरळ" हे ओरडणारे काका प्रत्येक ठिकाणी असतात. त्याचा कोच तिथे उभा आहे, त्यालाच बोलू द्या.

फोटोला फ्लॅश बंद. कोणाचा बायसेप फाटला, कोणी पडलं, तर कॅमेरा खाली घ्या. तो व्हिडिओ टाकू नका, कोणी मागितला तरी पाठवू नका. त्या माणसाच्या घरचे तो बघणार असतात.

टप्पा 9: खायचं कधी

दोन इव्हेंटच्या मध्ये सामान बदलायला वेळ लागतो, दगड आणायचे, कट्टे लावायचे, लेन आखायची. तेव्हा जा. इव्हेंट चालू असताना मधेच "हे तर मागचे आहेत" म्हणून वडापाव आणायला गेलात की परत येताना तुमची बाजूची जागा गेलेली असते. दोघं असाल तर आळीपाळीने जा. बायकांचे गट बऱ्याचदा सकाळी लवकर ठेवतात आणि तेव्हा हॉल अर्धा रिकामा असतो, तेव्हा नाश्ता घरूनच करून या आणि तो वेळ पूर्ण बघा, योक आणि स्टोनला तिथे जी चुरस होते ती दुपारच्या कितीतरी जोड्यांपेक्षा चांगली असते.

टप्पा 10: संपल्यावर खेळाडूंना भेटताना

भेटतात, बिनधास्त जा, आपल्याकडे हा खेळ अजून एवढा मोठा नाही की मधे बाउन्सर उभे असतील. पण दोन इव्हेंटच्या मध्ये जाऊ नका, तेव्हा तो श्वास खाली आणत असतो, टेप बांधत असतो. बक्षीस समारंभानंतर जा. हात मिळवू नका, मूठ पुढे करा, कारण एक तर तळहाताची कातडी सोललेली असते आणि दुसरं म्हणजे स्टोननंतर हाताला टॅकी असतो, तो तुमच्या शर्टाला लागला तर साबणाने निघत नाही, तेल लावून काढावा लागतो. त्याच्या नाकाशी धरलेली छोटी बाटली मागून वास घेऊ नका, ती अमोनियाची असते, सवय नसलेल्याचं डोकं भणभणतं.

व्हिडिओ काढले असतील तर खेळाडूला पाठवा, हे खरंच करा, कारण बऱ्याच जणांकडे स्वतःच्या लिफ्टचा धड एक व्हिडिओ नसतो. फक्त आधी कापाकापी करू नका, सुरुवातीच्या शिट्टीपासून रेफरीच्या 'डाउन'पर्यंत पूर्ण ठेवा, गाणं लावू नका. पाय दिसायला हवेत आणि रेफरीचा हात फ्रेममध्ये असेल तर उत्तमच, पुढच्या स्पर्धेच्या तयारीला त्याचा कोच तोच व्हिडिओ परत परत बघणार आहे.